कार्ला-भाजेला अभ्यागत केंद्र हवेच, पण आधी डोंगर वाचा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी पुणे-लोणावळा लोकल माळवली स्टेशनात थांबली की डब्यामागून डबा रिकामा होतो. त्यातली बरीचशी तरुण मुले भाजे गावाकडे चालू लागतात. लेणीच्या वाटेखालीच धबधबा आहे. गर्दी तिथे भिजते, मक्याचे कणीस खाते, फोटो काढते आणि संध्याकाळच्या लोकलने परत जाते. पायऱ्या चढून वर बावीसशे वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहापर्यंत येणारे थोडे. पलीकडे कार्ल्याला चित्र उलटे. तिथे हजारो लोक पायऱ्या चढतात, पण ते एकवीरा आईच्या दर्शनाला. रांग चैत्यगृहाच्या दाराला लागूनच उभी असते, आणि आत काय आहे हे सांगायला कोणी नसते.

आमचा धम्मलिपीचा अभ्यासवर्ग घेऊन आम्ही या तिन्ही लेण्यांवर जात असतो. कार्ल्याच्या खांबावरची अक्षरे मुलांना लावून दाखवत असताना शेजारून हमखास एक प्रश्न येतो, "हे पांडवांनी एका रात्रीत खोदले ना?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याला कोणी दुसरे काही सांगितलेलेच नसते. लोखंडी फलकावर लेणीचे मोजमाप आणि काळ लिहिलेला असतो, तो वाचायला रांगेतला माणूस थांबत नाही.

म्हणून कार्ला, भाजे आणि बेडसे या तीन लेण्यांसाठी मिळून एक चांगले अभ्यागत केंद्र असावे, ही मागणी आपल्या तरुणांमध्ये वारंवार निघते. आमचीही तीच मागणी आहे. मात्र केंद्र हवे म्हटले की लगेच चित्र काढून दाखवले जाते: डोंगराच्या कुशीत मोठी इमारत, पुढे सिमेंटची चैत्यकमान, वर काचेचा घुमट, बाजूला वाहनतळ. हे चित्र पाहून आम्हाला भीती वाटते. लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर काचेच्या पुलाची योजना सरकारने आधीच मांडली आहे. धम्माच्या नावाने आपणही तसेच काही मागून बसू नये, यासाठी हा लेख.

पायाखाली काय आहे

मावळचा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. चित्रात दिसतो तसा शंकूसारखा ज्वालामुखी इथे शोधू नये. एक थर आला, थंड झाला, काही काळाने त्यावर दुसरा आला, असे कितीतरी थर एकावर एक बसले. आज हा खडक महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्यांत मिळून सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. या थरांच्या एका गटाला भूशास्त्रज्ञांनी लोणावळ्याचेच नाव दिले आहे, आणि त्यातल्या एका भागाला खंडाळ्याचे. आपण चिक्कीसाठी ओळखतो ती गावे भूशास्त्रात अशी पोचली आहेत.

लोकलच्या खिडकीतून लोहगड-विसापूरकडे पाहिले तरी हे थर दिसतात. कड्याची उभी भिंत, मग थोडा उतार, पुन्हा भिंत. भिंत म्हणजे थराचा घट्ट भाग. उतार म्हणजे थराचा वरचा, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि लवकर झिजणारा भाग. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीसारखा पट्टा असतो. पुढचा लाव्हा येण्याआधी मधल्या काळात वरचा खडक कुजून तो तयार झाला. घट्ट काळा कातळ सहजी पाणी पीत नाही, पण त्याला उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी भेगेतून खाली उतरते, खालच्या थरावर अडते आणि आडवे वाहत कड्याच्या तोंडाशी पाझरते. भाजे-कार्ल्याच्या कातळावर पावसाळ्यात दिसणाऱ्या पाण्याच्या रेघांमागे हेच आहे.

कड्याखालच्या उतारावर माती आणि मुरूम साचलेला असतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हा मुरूम पाण्याने फुगतो आणि जड होतो, त्याच्याखाली मात्र गुळगुळीत कातळ असतो. अशा उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी कापला की वरच्या मातीचा आधार जातो. 1989 च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत भाजे गावावर दरड कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. तेच हे लेणीच्या पायथ्याचे भाजे. 2014 च्या जुलैत आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले. या भागात "डोंगराच्या कुशीत" हा शब्द कवितेत ठीक आहे, नकाशात नाही.

लेणी कोरणाऱ्यांनी काय ओळखले होते

ज्यांनी ही लेणी कोरली त्यांच्याकडे भूशास्त्राची पुस्तके नव्हती, पण खडक त्यांना कळत होता. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट उंच आहे. एवढी पोकळी कोरायची तर थर जाड हवा आणि भेगा कमी हव्यात. तसा थर त्यांनी हेरला. काम छताकडून खाली आणले, म्हणजे परातीची गरज कमी आणि चूक लवकर कळते. अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत हे टप्पे आजही दिसतात.

बेडसे तर वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाऊन बघावे. चैत्यगृहासमोरचा कातळ त्यांनी पूर्ण काढून टाकला नाही. दोन्ही बाजूंना मोठे खडक तसेच ठेवून मधून अरुंद वाट काढली. खालून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. वाटेतून आत शिरले की एकदम ते उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे प्राणी व स्वार समोर उभे राहतात. डोंगराचे तोंड बाहेरून जवळपास होते तसेच राहिले. अभ्यागत केंद्राचा आराखडा करणाऱ्याला आम्ही आधी इथेच नेऊन बसवू.

पाण्याचीही सोय त्यांनी खडकातच केली. शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हणतात, आणि पोढीचे दान चैत्याच्या दानासारखेच मानाने कोरलेले असते. पावसाळ्यात चार हजार मिलिमीटर पाऊस आणि मार्चनंतर पाण्याची वणवण, हा मावळचा जुना हिशेब आहे. पोढी हे त्यावरचे उत्तर होते. कार्ल्याच्या एका शिलालेखात उषवदाताने करजिक गाव दान दिल्याची नोंद आहे. ते दान वलुरक येथे, म्हणजे आजच्या कार्ल्याच्या लेण्यांत, वर्षावास करणाऱ्या चारी दिशांच्या भिक्खूसंघाच्या निर्वाहासाठी होते. म्हणजे ही जागा मुळात पावसाळ्यात राहण्याची आहे. आजचा पर्यटकही पावसाळ्यातच येतो, फक्त कारण वेगळे असते.

लेण हा शब्दसुद्धा निवाऱ्याचाच आहे. विनयात भिक्खूंना पाच प्रकारच्या निवाऱ्यांची अनुमती दिली आहे आणि त्यांत गुहा आहे. पण आमच्या मुद्द्यासाठी विनयातली दुसरी गोष्ट जास्त कामाची, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. संघादिसेस नियमांपैकी सहावा आणि सातवा नियम बांधकामाचे आहेत. आळवीचे भिक्खू मोठमोठ्या कुट्या बांधू लागले आणि त्यासाठी लोकांकडे सारखे काही ना काही मागू लागले. शेवटी भिक्खू दिसले की लोक वाट बदलू लागले. तेव्हा कुटीचे माप ठरवून दिले गेले. दुसरा प्रसंग कोसंबीचा. छन्न भिक्खूने विहाराची जागा साफ करण्यासाठी लोकांच्या श्रद्धेचा वृक्ष तोडला आणि लोक संतापले. त्यावर नियम झाला: बांधण्याआधी संघाला जागा दाखवायची, संघाने ती तपासायची. जागा 'अनारंभ' हवी, म्हणजे तिथे मुंग्या-वाळवीपासून साप आणि मोठ्या जनावरांपर्यंत कोणाचे घर मोडू नये आणि माणसालाही धोका नसावा. आणि ती 'सपरिक्कमन' हवी, म्हणजे भोवती बैल जुंपलेली गाडी फिरू शकेल एवढी मोकळी.

आजच्या भाषेत याला जागेची पाहणी आणि बांधकाम परवाना म्हणतात. आपल्या परंपरेत आधी जागा तपासतात, मग इमारत. आपण मात्र आधी इमारतीचे चित्र काढतो.

मग केंद्र कुठे?

आमचे म्हणणे सरळ आहे. डोंगरावर नाही, उतारावर नाही, ओढ्याच्या काठी नाही. कायदाही तेच सांगतो. 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. पण कायद्याच्या रेषेला खेटून 301 व्या मीटरवर इमारत उभी करणे म्हणजेही शहाणपण नव्हे. दरडीला मीटर मोजता येत नाहीत.

माळवली स्टेशनचा परिसर आम्हाला योग्य वाटतो. इंद्रायणीच्या खोऱ्यातली ही सपाटी, एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ला. लोकलने येणाऱ्याला गाडी आणावी लागत नाही. इथून छोट्या बस दोन्ही पायथ्यांशी सोडता येतील आणि कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याने बेडशालाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इथे उभे राहिले की डोंगराचा पूर्ण छेद दिसतो. लेणी कोणत्या थरात कोरली हे बोटाने दाखवता येते. लेणीच्या दाराशी उभे राहून ते कधीच दिसत नाही. मात्र सपाटी म्हणजे मोकळी जमीन असे समजू नये. ही भातखाचरे आहेत. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच आलेला आहे. पिकते खाचर बुजवून धम्माचे केंद्र उभे करणे आम्हाला मान्य नाही. आधीच भरावाखाली गेलेली किंवा पडीक जागा शोधावी लागेल, आणि ती ग्रामसभेत बसूनच सापडेल.

इमारत कशी असावी? बसकी. एकमजली. कुठूनही डोंगराच्या रेषेवर चढणार नाही अशी. मावळातला शेतकरी भातलावणीला डोक्यावर इरले घेतो. बांबू आणि पानांचे ते छप्पर पाठीवरून खालपर्यंत येते, पाणी मागे सोडते आणि पुढे दोन्ही हात कामाला मोकळे ठेवते. छप्पर तसे हवे. पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाला पाठ, पुढे खोल पडवी. दोनशे भिजलेली माणसे एकदम येऊन उभी राहतील एवढी पडवी आधी काढा, प्रदर्शनाची दालने नंतर. भिंती काळ्या पाषाणाच्या, पण त्यासाठी नवी खाण नको. रस्त्याच्या आणि पायाच्या कामांत निघालेला दगड वापरता येतो. काच कमीत कमी, कारण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ आणि उन्हाळ्यात तिच्यामागे भट्टी.

सिमेंटची चैत्यकमान नको असे आम्ही म्हणतो तेव्हा एक हरकत येते, आणि ती रास्त आहे. लेण्यांतली कमानसुद्धा लाकडी इमारतीची दगडातली नक्कलच आहे. कार्ला आणि भाजे येथे छताला लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत, खडकाच्या छताला त्यांची काही गरज नसताना. मग आपण सिमेंटमध्ये नक्कल का करू नये? आमचे उत्तर एवढेच की समोर खरी कमान असताना तिच्या पायथ्याशी खोटी उभी केली तर पाहणाऱ्याची नजर दमून जाते. त्याला अर्ध्या तासाने जे पहिल्यांदा दिसायचे आहे ते आधीच स्वस्तात दाखवू नये. बेडशाची अरुंद वाट आठवा.

जगात अशा जागांवर चांगली कामे झाली आहेत. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायल बेटावर 1957-58 मध्ये समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि कापेलिन्योसचा दीपस्तंभ राखेत अर्धा बुडाला. 2008 मध्ये तिथे माहिती केंद्र झाले ते जमिनीखाली, म्हणजे राखेचा उजाड प्रदेश आणि तो दीपस्तंभ दिसत होते तसेच राहिले. हेतू घेण्यासारखा आहे. कृती मात्र उचलू नये. मावळच्या पावसात तळघर म्हणजे विहीर.

पाण्याचा हिशेब करून पाहू. लोणावळ्यापेक्षा माळवलीला पाऊस थोडा कमी धरू, 3 मीटर. छप्पर 1,000 चौरस मीटर असेल तर वर्षाला 3,000 घनमीटर, म्हणजे 30 लाख लिटर पाणी त्यावर पडेल. रोज 500 माणसे, माणशी 10 लिटर, असे कोरडे 240 दिवस धरले तर 12 लाख लिटर लागतील. 20 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल टाके पुरेसे आहे. गावाच्या नळावर भार नाही आणि मे महिन्यात टँकर नाही. हे टाके लपवू नये. उघडे, पायऱ्यांचे, कठडा असलेले बांधावे, आणि त्यावर त्याचे खरे नाव लिहावे: पोढी.

आत काय सांगायचे

सुरुवात लाव्हाच्या थरापासून करावी. मग छिन्नीच्या खुणा, हात लावून पाहता येतील अशा दगडावर. दृष्टिहीन पाहुण्यांसाठी तर तेच मुख्य दालन होईल. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा आजी-आजोबांसाठी चैत्यगृहाची लहान प्रतिकृती. मग माणसे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, ज्याच्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे म्हटले आहे. धेनुकाकटाचे यवन, ज्यांनी खांब दिले. दाराचे काम करणारा सामि नावाचा सुतार, ज्याचे नाव दात्याच्या नावाबरोबर कोरले गेले. भिक्खुनींची दाने. भाज्याच्या चौदा स्तूपांपैकी काहींवर असलेली थेरांची नावे: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. एका रात्रीत खोदल्याची गोष्ट खोडून काढायला वाद घालावा लागत नाही. ही यादी वाचून दाखवली की पुरते. राजाने हुकूम दिला आणि लेणी झाली, असे इथे झालेले नाही. खांबाखांबाची वर्गणी आहे. आपल्या वस्तीतला विहार कसा उभा राहतो हे ज्याने पाहिले आहे त्याला ती यादी ओळखीची वाटेल.

एकवीरेच्या भाविकांबद्दल आपल्यातल्या काहींचा सूर चढा असतो. आम्हाला तो पटत नाही. कोळी-आगरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरावर येतात. केंद्रात त्यांच्या येण्याचीही नोंद हवी आणि लेणी बुद्धाची आहेत हेही ठळक हवे. दोन्ही खरे आहे. रांगेतल्या माणसाला हाकलून नव्हे, त्याला तासभर बसायला सावली आणि प्यायला पाणी देऊनच ही गोष्ट त्याच्या कानावर घालता येईल.

एक इशारा अजिंठ्याचा. फर्दापूर फाट्यावर खासगी गाड्या थांबवून लेणीपर्यंत बस सोडण्याची पद्धत चांगली आहे, लेणीजवळची गर्दी आणि धूर त्याने कमी झाला. त्याच फाट्यावर जपानच्या कर्जातून भव्य अभ्यागत केंद्र झाले, चार लेण्यांच्या प्रतिकृतींसह. पुढे वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांमुळे ते बंद पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. उद्घाटनाला निधी मिळतो, दिव्याच्या बिलाला मिळत नाही. म्हणून आमची मागणी लहान इमारतीची आणि मोठ्या देखभाल निधीची आहे. भाजे, वेहेरगाव, बेडसे या गावांतली मुले-मुली पगारी वाटाडे म्हणून हवीत. मानधनावर नव्हे. धम्मलिपी शिकलेली आपली कितीतरी मुले आज रविवारी फुकट हे काम करतातच.

बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ते ठिकाण माळवलीहून त्याच लोकलच्या मार्गावर आहे. धम्मभूमी ते लेणी असा एका दिवसाचा प्रवास या केंद्रामुळे सहज आखता येईल, शाळेच्या सहलींनाही.

आराखड्याआधी करायचे काम आम्ही सुरू केले आहे. गेल्या पावसाळ्यात माळवली ते भाजे या पट्ट्यात भर पावसात चालून पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे रस्ता ओलांडते हे कागदावर उतरवले. मोकळ्या दिसणाऱ्या चार जागा मनात होत्या. त्यांतल्या एका जागी, उन्हाळ्यात सगळ्यांना सर्वांत जास्त आवडलेल्या, आम्ही पोचलो तेव्हा गुडघाभर पाणी वाहत होते. ती यादीतून काढली. उरलेल्या तिन्ही यंदा पुन्हा पाहायच्या आहेत, शक्यतो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस सर्वांत जोरात असताना. ज्यांच्याकडे छत्रीपेक्षा बरे काही आहे त्यांनी सोबत यावे. वास्तुरचनेचे आणि भूशास्त्राचे विद्यार्थी असतील तर फारच उत्तम, आणि येताना मोजपट्टी आणावी, आमची फाटली आहे.